सत्ता, उपकार आणि नाते : टॉलस्टॉयच्या ‘रिझरेक्शन’ कादंबरीविषयी

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



वार्षिक मेळाव्यात कादंबरीवर व्याख्यान कशाला, असा प्रश्न कोणाच्या मनात आला असल्यास तो आम्हांस गैर वाटत नाही. आपण वर्षातून एकदा येथे जमतो ते मंडळाचा जमाखर्च ऐकावा, गुणी मुलांचे कौतुक करावे, उपवर मुलामुलींची चौकशी करावी आणि एका पंक्तीला बसून चार घास खावेत, एवढ्यासाठी. त्यात रशियातील एका उमरावाची आणि एका दासीची कथा कोठे बसते? परंतु ही कादंबरी आम्ही जेव्हा जेव्हा वाचली, तेव्हा आमच्या डोळ्यांपुढे रशियातील बर्फ उभे राहण्याऐवजी आपल्याच जुन्या वाड्यांतील माजघरे उभी राहिली. ती का, हे सांगण्याचा आज यत्न करणार आहोत.

प्रथम ग्रंथाची थोडी ओळख. ‘रिझरेक्शन’, म्हणजे पुनरुत्थान, ही टॉलस्टॉयची अखेरची मोठी कादंबरी 1899 साली प्रसिद्ध झाली. तेव्हा त्याचे वय सत्तरीच्या पुढे होते. 1887 साली कोनी नावाच्या एका विख्यात न्यायवेत्त्याने त्याला एक घडलेली हकीकत सांगितली होती. न्यायालयात ज्यूरीत बसलेल्या एका प्रतिष्ठित गृहस्थाने समोरच्या आरोपी स्त्रीला ओळखले. तारुण्यात तिला फसवून टाकून देणारा तोच होता. पुढे त्याने तिच्याशी विवाह करू इच्छिले, परंतु ती तुरुंगातच ज्वराने वारली. ही गोष्ट टॉलस्टॉयच्या मनात दहा वर्षे रुतून बसली. रुतण्याला कारणही होते. तरुणपणी एका दासीशी आपण असेच वागलो होतो, हे त्याने उतारवयात आपल्या चरित्रकारापाशी सांगून ठेविले आहे. कादंबरीचे उत्पन्न त्याने स्वतःस न घेता दुखोबोर पंथाच्या लोकांना देऊन टाकिले. शस्त्र धरण्यास नकार दिल्यामुळे सरकारी छळ सोसणाऱ्या या पंथाचे सात हजारांहून अधिक लोक त्या सुमारास रशिया सोडून कॅनडात गेले, त्यांच्या प्रवासास ते द्रव्य कामी आले.

कथेची नायिका कात्युशा. एका अविवाहित गवळणीची ही पोर. तिच्या आधीची भावंडे दूध न मिळाल्याने एकामागून एक दगावली होती. हीही तशीच जायची. पण मालकीणबाई दुधाच्या सायीला वास येतो म्हणून रागे भरण्यास गोठ्यात आल्या, तेथे त्यांना हे गोजिरवाणे मूल दिसले आणि त्यांचे मन द्रवले. आई वारल्यावर दोघी अविवाहित बहिणींनी, म्हणजे गावच्या जमीनदारणींनी, मुलीला वाड्यात आणून वाढविले. धाकटीच्या मनात होते की हिला शिकवून मानसकन्या करावी. थोरलीच्या मनात होते की चांगली कामकरीण करावी. दोघींच्या इच्छा अर्ध्याअर्ध्या फळास आल्या. मुलगी शिवणटिपण करी, खोल्या झाडी, देवांच्या तसबिरींच्या धातूच्या चौकटी खडूने घासून लखलखीत ठेवी, कॉफी भाजून दळून पुढे आणी. आणि कधीकधी बाईंजवळ बसून पुस्तकही वाचून दाखवी. तिचे नावसुद्धा अर्धे होते. रशियन भाषेत त्याच नावाची एक हाक तुसडी, एक लाडकी. हिला मधली मिळाली. आपल्याकडे ‘गंगे’, ‘गंगू’ आणि ‘गंगूताई’ या तीन हाकांत जेवढे अंतर आहे, तेवढेच हे होय.

येथे आम्हांस थोडे थांबावेसे वाटते. कारण पुढच्या सगळ्या अनर्थाचे बीज या अर्धेपणात आहे. रशियातील भूदासांची पद्धत 1861 साली कायद्याने नाहीशी झाली. कथेचा काळ त्यानंतरचा आहे. कात्युशा कोणाच्या मालकीची नव्हती. तिच्यावर कोणाचीही लेखी सत्ता नव्हती. तिच्यावर होते ते उपकार. आणि उपकाराची सत्ता ही कागदावर नसल्यामुळे तिला हद्दही नसते, मुदतही नसते. नोकराला पगार मागता येतो, मुलीला हट्ट करता येतो. जी धड नोकर नव्हे आणि धड मुलगीही नव्हे, तिला दोन्ही करता येत नाही.

त्या बहिणींचा भाचा नेख्ल्युदोव्ह हा पहिल्या उन्हाळ्यात येतो तेव्हा एकोणीस वर्षांचा विद्यार्थी असतो. जमिनीवर कोणाची खासगी मालकी असू नये, असा निबंध लिहिणारा, स्वभावाने निर्मळ. कात्युशा सोळा वर्षांची. तो तिला दोस्तोयेव्हस्की आणि तुर्गेनेव्ह यांची पुस्तके वाचावयास देतो. पळापळीच्या खेळात एकदा फुलझाडाच्या आडोशाला तो तिचे चुंबन घेतो, इतकेच. तो स्नेह खरा आहे, आणि टॉलस्टॉयने तो खरा म्हणूनच रंगविला आहे. हे ध्यानी ठेविले पाहिजे. लबाड माणसाने भोळ्या मुलीला फसविले, अशी ही गोष्ट असती तर तिच्यासाठी टॉलस्टॉय लागला नसता.

तीन वर्षांनी तोच तरुण लष्करी गणवेशात परत येतो. मधल्या काळात तो एकच गोष्ट शिकला आहे: स्वतःच्या मनाने जगणे कठीण, चारचौघांच्या मताने जगणे सोपे. ईस्टरच्या मध्यरात्री देवळातील प्रार्थनेनंतर, रिवाजाप्रमाणे, कात्युशा दारातल्या भिकाऱ्याशी आणि त्याच्याशीही सारख्याच प्रेमाने मुखस्पर्शाचे अभिवादन करते. त्या एका प्रसंगात सर्व माणसे समान झालेली आहेत. दुसऱ्या रात्री, नदीवरचे बर्फ धुक्यात कडाडत फुटत असता, तो तिच्या खोलीच्या दाराशी येतो. तोंडाने ती नको नको म्हणत असते. पण वाड्यात वाढलेल्या अर्ध्या दासीने मालकिणींच्या लाडक्या भाच्याला दार लावून घ्यावे, तर ते कोणाच्या बळावर? तिचे त्याच्यावर प्रेम होते म्हणून ही सत्ता नव्हती, असे म्हणता येत नाही. उलट सत्तेने तिचे प्रेमच हत्यारासारखे वापरले.

निघताना तो तिच्या हाती शंभर रूबलांची नोट कोंबतो. का? तर अशा वेळी त्याच्या वर्गातले सगळे असेच करतात. त्याच्या चुलत्याने केले, वडिलांनी केले. आमच्या मते घडलेल्या पापापेक्षा ही नोट भयंकर आहे. पापामुळे निदान दोन माणसे एकमेकांची अपराधी-पीडित तरी राहतात. नोटेने ती गिऱ्हाईक आणि माल झाली. पुढे कात्युशाने जे भोगले, त्याची पहिली पावती या प्रतिष्ठित घरातच फाडली गेली.

पुढे ती गर्भवती असता, तो त्याच मार्गाने आगगाडीने जाणार व उतरणार नाही असे कळते. पावसाळी, वादळी रात्री ती लहान मुलीला बरोबर घेऊन शेतांतून स्टेशन गाठते. पहिल्या वर्गाच्या डब्यात मखमली बैठकीवर तो बसलेला, दोन अधिकारी पत्ते खेळताहेत, भरपूर उजेड आहे. ती काचेवर गारठलेले हात आपटते; गाडी हलते; ती फलाटावरून, मग चिखलातून गाडीबरोबर धावत राहते. आतून उजेडात बसलेल्याला बाहेरच्या अंधारातले दिसत नाही. सत्तेचे यथार्थ चित्र म्हणून याहून वेगळे काही सांगण्याची आम्हांस गरज वाटत नाही. त्या रात्रीपासून देवावरचा आणि माणसांच्या चांगुलपणावरचा तिचा विश्वास गेला. मालकिणींशी खटका उडून ती वाडा सोडते. मूल अनाथालयात पोहोचताच मरते. मग एकेक पायरी उतरत ती वेश्यागृहात येते.

न्यायालयाचा भाग विस्ताराने सांगत नाही. एका व्यापाऱ्याला विष देऊन लुटल्याच्या आरोपातून ती सुटावयास हवी होती. ज्यूरीलाही तिला शिक्षा व्हावी असे वाटत नव्हते. परंतु निर्णयाच्या कागदावर ‘जीव घेण्याचा हेतू नव्हता’ हे शब्द लिहावयाचे राहिले, न्यायाधीशांना एका स्त्रीच्या भेटीस जाण्याची घाई होती, आणि कात्युशाला चार वर्षे सक्तमजुरीसाठी सैबेरियात धाडण्याचा हुकूम झाला. ज्यूरीत बसलेल्या नेख्ल्युदोव्हने तिला ओळखले होते.

आता कादंबरीचा खरा विषय सुरू होतो. नेख्ल्युदोव्हला पश्चात्ताप होतो, आणि तो ढोंगी नाही. तो तुरुंगात जातो, क्षमा मागतो. तिला त्याची आठवणही नकोशी आहे. अधिकारी पाहत नाही असे साधून ती त्याच्याजवळ दहा रूबल मागते. पूर्वी न मागता शंभर देणाऱ्याला आता मागून दहा द्यावे लागतात, आणि ते देताना त्याला प्रथम कळते की आपण काय मारले आहे. पुढच्या एका भेटीत तो विवाहाचा विषय काढतो. त्याची समजूत अशी की ती कृतज्ञतेने गहिवरेल. त्याऐवजी ती उसळते. या जन्मी तू माझा उपभोगासाठी उपयोग केलास, आता परलोक साधण्यासाठीही माझाच उपयोग करणार काय, अशा अर्थाचे ती बोलते.

जगातील वाङ्मयात सत्तेला दिलेले इतके नेमके उत्तर आम्ही क्वचितच वाचले आहे. विचार करून पाहा. उमराव आपले सर्वस्व देऊ करीत आहे. पण देण्याचे ठरविले त्यानेच, केव्हा ते ठरविले त्याने, किती तेही त्याने. आणि घेणारीने आनंदित व्हावे, हेही त्यानेच ठरविले! गुन्ह्यात जो मालक होता तोच प्रायश्चित्तातही मालक राहिला. कात्युशाच्या संतापाने त्याची मालकी पहिल्यांदा मोडली, आणि त्यामुळेच दोघांत पुन्हा काही उगवण्यास जागा झाली. ती दारू सोडते, इस्पितळात रुग्णांची सेवा पत्करते, दुसऱ्या कैद्यांसाठी त्याला कामे सांगू लागते. स्वतःसाठी नव्हे, दुसऱ्यांसाठी. आता हुकूम तिचा आणि धावपळ त्याची.

जमिनीच्या प्रकरणातही हेच. तो आपल्या गावी जाऊन शेतकऱ्यांना सांगतो की जमीन तुम्ही कसा, खंड पूर्वीपेक्षा कमी घेईन. त्याला वाटले, लोक नाचतील. लोकांनी माना खाली घातल्या. यात काही डाव असणार, कागदावर सही घेऊन हा आपल्याला अधिकच बांधून टाकणार, अशी त्यांची खात्री. पिढ्यान्‌पिढ्या वाड्याने जे केले, त्यावरून त्यांनी काढलेले ते अनुमान होते, आणि ते मूर्खपणाचे नव्हते. सत्तेच्या दुरुपयोगाने फक्त त्या दिवसाचे नुकसान होत नाही. पुढे कधी खरोखर चांगले देऊ म्हटले, तर ते घेण्याची वाटही बुजून जाते. हे नुकसान कोणत्याही जमाखर्चात मांडलेले आम्ही पाहिलेले नाही.

आणखी एक जोडपे या ग्रंथात आहे. त्याची आठवण फार थोडे वाचक ठेवतात, आम्हांस मात्र ते विसरवत नाही. फेदोस्या ही कोवळ्या वयात लग्न होऊन आलेली खेडवळ पोर. नवऱ्याचा तिटकारा येऊन ती त्याला विष घालण्याचा यत्न करते. तो वाचतो. खटला उभा राहीपर्यंत ती जामिनावर घरीच असते, आणि त्या आठ महिन्यांत, शेतात बरोबरीने राबता राबता, दोघांचा जीव एकमेकांवर जडतो. सासरच्यांनाही ती हवीशी होते. तिने गुन्हा केला होता, त्याने क्षमा केली होती, संसार सांधला होता. तेवढ्यात सरकारला खटल्याची आठवण झाली! तिला सैबेरियाची शिक्षा ठोठावली जाते आणि नवरा, तारास, आपण होऊन तिच्यामागे निघतो. दोघेही गरीब, कोणाच्याही हाती दुसऱ्यावर हुकमत गाजविण्याजोगे काही नव्हते, म्हणून तेथे विषानेही नाते मेले नाही.

कैद्यांचा तांडा भर जुलैच्या उन्हात तुरुंगातून स्टेशनकडे चालविला जातो तेव्हा नेख्ल्युदोव्हच्या डोळ्यांदेखत दोघे उष्माघाताने मरतात. त्यांना कोणी मारले? कोणीच नाही. प्रत्येक अंमलदाराने आपापला हुकूम पाळला. येथे टॉलस्टॉय म्हणतो त्याचा मथितार्थ असा: प्रेमावाचून वागता येते ते वस्तूंशी, झाडे तोडावीत, विटा भाजाव्यात, लोखंड ठोकावे. माणसांशी प्रेमावाचून वागण्याचा प्रसंग असू शकतो, असे एकदा मानले की चांगल्या माणसाच्या हातूनही काहीही घडू शकते.

आता माजघराकडे येतो. आपल्या जुन्या वाड्यांत आश्रित होते, हे येथील वडीलधाऱ्यांना सांगावयास नको. लांबच्या नात्यातली विधवा, वार लावून जेवणारा विद्यार्थी, ‘शिक्षणासाठी’ आणलेली आणि भांड्यांच्या ढिगापुढे बसविलेली गरीब भावाची पोर. त्यांना अन्न मिळाले, छप्पर मिळाले, कित्येकांचे कल्याणही झाले. ते नाकारण्याचा कृतघ्नपणा आम्ही करणार नाही. परंतु पंक्तीत वाढताना तुपाची धार कोणाच्या पानावर आखडली, हे त्या मुलांनी साठ-साठ वर्षे लक्षात ठेविलेले आम्ही ऐकले आहे. आज वाडे गेले. आश्रित गेले काय? पुतण्याची फी भरणारा काका त्याने कोणत्या शाखेला जावे ते ठरवितो. भाचीला शहरात ठेवून घेणारी मामी तिच्या हाती आपले तान्हे मूल देते व पुढे तिच्या लग्नातही शब्द आपलाच चालावा म्हणते. नोकरी लावून देणाऱ्याच्या घरी दिवाळीला हजेरी लागतेच. यांत कोणी दुष्ट नाही. कात्युशाला वाढविणाऱ्या त्या दोघी बहिणीही दुष्ट नव्हत्या.

आपले मंडळ शिष्यवृत्त्या देते, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण त्या देण्याची रीत एकदा तपासून पाहावी, अशी आमची विनंती आहे. मुलाला व्यासपीठावर बोलावून देणगीदारांच्या पाया पडावयास लावणे, त्याने आपल्या घरच्या हलाखीचे वर्णन सभेपुढे वाचणे, आणि स्मरणिकेत त्याचे नाव ‘साहाय्य मिळालेले विद्यार्थी’ या मथळ्याखाली छापणे, हे थांबवावे. दात्यांची नावे ठळक टायपात छापा, त्यांचा तो हक्क आहे. घेणाऱ्यांची छापू नका. दुसरे असे की, ज्यांनी पूर्वी मंडळाचे साहाय्य घेतले त्यांपैकी दोघेजण तरी निवड-समितीवर असावेत, आणि दात्याची एखादी अट पटली नाही तर ‘नको’ म्हणण्याचा अधिकार त्यांना असावा. काही सभासद म्हणतील, एवढा ताठा घेणाऱ्यांनी का ठेवावा? त्यांनी कात्युशाचे तुरुंगातले उत्तर पुन्हा वाचावे.

चेखॉव्हला ही कादंबरी फार आवडली होती. मात्र त्याने 1900 सालच्या एका पत्रात असे मत दिले आहे की नेख्ल्युदोव्ह आणि कात्युशा यांच्या संबंधाचा भाग हाच तीत सर्वांत कमी रोचक आहे. सरदार, सेनापती, शेतकरी, तुरुंगाधिकारी यांचे चित्रण खरे मोलाचे. तसेच शेवट बायबलच्या वचनांवर नेऊन सोडल्याबद्दलही त्याने नापसंती दाखविली. दुसऱ्या मुद्द्यावर आम्ही चेखॉव्हच्या बाजूचे आहोत. शेवटचे प्रकरण प्रवचनासारखे झाले आहे. पहिल्या मुद्द्यावर एवढ्या थोर लेखकाशी मतभेद पत्करण्याचे धाडस करतो. त्या दोघांच्या संबंधावाचून ते सरदार आणि अंमलदार नुसते नमुन्यादाखल मांडल्यासारखे राहिले असते.

शेवटी सैबेरियात तिची सक्तमजुरी रद्द होऊन साध्या हद्दपारीची सवलत मिळाल्याचा कागद येतो. आता विवाहाला अडसर उरत नाही. सिमोन्सन नावाचा एक राजकीय कैदी तिच्यावर, ती जशी आहे तशी, प्रेम करू लागलेला असतो. त्याने तिच्यावर काही उपकार केलेले नाहीत, आणि तिच्याकडून त्याला स्वतःचे पाप फेडून घ्यावयाचे नाही. ती सांगते की मी सिमोन्सनबरोबर राहीन. नेख्ल्युदोव्हला उमजते की तिचे प्रेम आपल्यावरच आहे, आणि आपले आयुष्य बांधले जाऊ नये म्हणून ती दूर होत आहे. तिने हे ठरविले तेव्हा त्याला विचारले नाही. त्यानेही या वेळी आग्रह केला नाही. निरोप घेताना ती क्षमा करा म्हणते, त्याचा हात दाबते आणि चटकन वळून खोलीबाहेर जाते.

बोलणे लांबले, स्वयंपाकघरातून दोनदा निरोप येऊन गेला आहे.